कॉम्प्युटर ओळख देईना

मित्रांनो, समजा, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तुमचा अगदी जवळचा मित्र तुम्हाला शाळेच्या दारात भेटला. तुम्ही धावत गेलात, आणि तो म्हणाला, "तू कोण? मी नाही ओळखत तुला!" कसं वाटेल?

२०२५ च्या जूनमध्ये आमच्या शाळेतल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरनं अगदी हेच केलं. आणि ओळख नाकारली ती कुणाची? त्याच्याच पोटात वीस वर्षांहून जास्त काळ बसलेल्या हार्ड डिस्कची!

मी घुग्घुसला राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. घुग्घुस म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं, वर्धा नदीजवळचं आमचं कोळशाचं गाव. खाणी, सिमेंट, लोखंड, आणि या सगळ्यांची मिळून धूळ! सकाळी ओटा पुसावा आणि दुपारी त्यावर बोटानं नाव लिहावं, अशी इथली गंमत. खाणीच्या कामासाठी इथे कुठून कुठून माणसं आली. त्यामुळे माझ्या वर्गात मराठी, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी, गोंडी अशा घरांमधली मुलं एका बाकावर बसतात. पाण्याला तेलुगूत नीळ्ळु म्हणतात आणि गोंडीत येर, हे मी डीएडच्या पुस्तकात नाही, चौथीच्या वर्गात शिकले.

त्यातूनच २०१४ साली मला एक कल्पना सुचली. चौथीच्या प्रत्येक मुलानं घरातल्या मोठ्या माणसाला विचारून एक पान लिहायचं. घरचे शब्द, कामाचे शब्द, एखादी आठवण. मग ते पान आमच्या कॉम्प्युटरवर स्वतःच्या हातानं टाइप करायचं. एका ओळीला एकेकाला अर्धा तास लागायचा! पण दर वर्षी पानं वाढत गेली. त्या फाइलचं नाव आम्ही ठेवलं 'घरचे शब्द'.

वह्या हरवतात, पावसात भिजतात, वाळवी खाते. म्हणून मी मुलांना मोठ्या रुबाबात सांगायची, "कॉम्प्युटर काही विसरत नाही बरं का!"

आता त्या जूनमधली गोष्ट ऐका. आमच्या विदर्भात ऊन फार, म्हणून शाळा जूनच्या शेवटी शेवटी उघडतात. पहिल्याच दिवशी एक मुलगा माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. आदल्या वर्षी माझ्या चौथीत होता, आता पाचवीत गेलेला. एरवी हा मुलगा वर्गात पाय ठेवला की बडबड सुरू करणारा. त्या दिवशी हळूच म्हणाला, "मॅडम, माझ्या आजोबाचं पान हाये ना जी कॉम्प्युटरमंदी?"

"आहे की! का रे?"

"आजोबा मे महिन्यात वारले. आजीले वाचून दाखवाचं हाये."

त्याचे आजोबा जमिनीखालच्या खाणीत काम करायचे. १९७३ मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा खाणी सरकारच्या झाल्या, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ते कामाला लागले होते. नातवानं त्यांना विचारून विचारून पान लिहिलं होतं. टाइप करून झाल्यावर लिहिलेला कागद त्यानं काय केला असेल? विमान! चौथीतला मुलगा आणखी काय करणार?

मी त्याच्यासमोरच कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घरघरला. आणि काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. 'डिस्क बूट फेल्युअर'. म्हणजे ज्या डिस्कवरून काम सुरू करायचं ती मला मिळत नाही, दुसरी घाला.

मुलगा म्हणाला, "काय लिहिलं हाये मॅडम?"

मी म्हटलं, "उद्या ये हं." दुसरं काय सांगणार?

तुम्ही विचाराल, हार्ड डिस्क म्हणजे नेमकं काय? कॉम्प्युटरच्या खोक्यात एक धातूची बंद डबी असते, साधारण कंपासपेटीएवढी, पण जाड आणि जड. तिच्यात आरशासारखी चकचकीत तबकडी गरगर फिरत असते. आमच्या डिस्कमधली मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०! घरचा छताचा पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे घेतो, त्यावरून अंदाज करा. तबकडीवर चुंबकाच्या अगदी बारीक ठिपक्यांच्या रूपात आपली अक्षरं, चित्रं, आवाज साठवलेले असतात. ते वाचणारं टोक तबकडीला टेकत नाही, तिच्यावर तरंगतं. दोघांमधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी! धुराचा कणसुद्धा त्या फटीत मावत नाही. मग घुग्घुसच्या कोळशाच्या कणाचं काय घेऊन बसलात? तो तर तिथे डोंगरच ठरेल. म्हणून ती डबी कधीही, कुणीही घरी उघडायची नाही. तिला श्वास घ्यायला एक बारीक छिद्र असतं आणि आतून गाळणी. त्यावर चिकटपट्टीसुद्धा लावायची नाही.

जगातली अशी पहिली डिस्क अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीनं सप्टेंबर १९५६ मध्ये लोकांपुढे आणली. २४ इंच रुंदीच्या ५० तबकड्या, कपाटाएवढा आकार आणि वजन एका टनाच्या आसपास. आणि त्यात मावायची किती अक्षरं? पन्नास लाख! आमच्या शाळेतल्या ४० जीबीच्या छोट्या डबीत त्याच्या आठ हजार पट मावतं. आणि मला हवं होतं त्यातलं फक्त एक पान.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ओढणी कमरेला खोचली. मदतीला पाचवीची चार मुलं होती. पुन्हा बटण दाबलं आणि या वेळी नीट वाचलं. घाईत आपण शेवटची ओळ वाचतो, पण त्याआधीही एक ओळ येऊन गेली होती. 'सीमॉस चेकसम एरर'. आणि तारीख दिसत होती १ जानेवारी २००२! मुलं खो-खो हसायला लागली. "मॅडम, तवा तर आमचा जन्मच नोता!"

मला वाटलं, सापडला चोर! कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर एक बटणासारखी बॅटरी असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणं आणि आतल्या थोड्या नोंदी जपणं हे तिचं काम. ती संपली की बिचाऱ्याला तारीखही आठवत नाही. बॅटरीवर लिहिलं होतं सीआर २०३२. या आकड्यात एक गंमत लपलेली आहे बघा. २० म्हणजे तिची रुंदी २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. आम्ही लगेच पट्टीनं मोजून पाहिलं. बरोबर निघालं. घड्याळाच्या दुकानातून नवी बॅटरी आणली, तारीख-वेळ लावली. आता तारीख टिकू लागली.

पण डिस्क? छे! सुरुवातीला एक बटण दाबलं की निळ्या पडद्यावर कॉम्प्युटरच्या अवयवांची यादी दिसते. तिथे हार्ड डिस्कच्या नावापुढे एकच शब्द होता, 'नन'. म्हणजे काहीच नाही.

गावातल्या दोन जाणकारांना विचारलं. एक म्हणाले, "डिस्क गेली, नवी घाला." दुसरे म्हणाले, "आणा, सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकून देतो." पुसून? माझ्या पोटात गोळाच आला. दोघांचाही सल्ला खोटा नव्हता. त्यांना कॉम्प्युटर चालू करून द्यायचा होता. मला पान हवं होतं. दोन्ही एकच काम नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मुलांना म्हटलं, आधी एवढं तरी ठरवू, डिस्क मेली आहे की नुसती बोलत नाही? बटण दाबलं आणि एका मुलीनं खोक्याच्या अगदी जवळ कान नेला. "मॅडम, घुर्रर करून राह्यली." टक-टक, खट-खट असा आवाज नव्हता. तसा येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करायचा आणि डिस्क माहीतगाराकडे न्यायची, कारण आतलं टोकच बिघडलेलं असू शकतं. आमची डिस्क मात्र एकसुरात फिरत होती. म्हणजे तिला वीज मिळत होती.

मागे उभा असलेला तो पाचवीतला मुलगा एकदम म्हणाला, "आजोबा बी असंच करत. छताले काठी मारून आयकत." हो, त्याच्या पानावर तेच तर होतं! खाणीत काम सुरू करण्याआधी डोक्यावरच्या दगडाला काठीनं ठोकायचं. टणटण आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर पाऊल मागे घ्यायचं. तेवढं मला आठवत होतं. बाकीचं पान आठवत नव्हतं, आणि त्यालाही नाही.

पुढचे तीन दिवस मी तीच तीच कामं करत राहिले. वायर काढली, पुसली, लावली. जुन्या डिस्कला दोन जोडण्या असतात. एक विजेची, चार तारांची. पिवळी, लाल आणि दोन काळ्या. दुसरी माहितीची, रुंद चपटी पट्टी, तिच्या एका कडेला लाल रेघ. पट्टी काढल्यावर खाचेत काळी धूळ दिसली. ब्रशनं झटकली. घट्ट बसवली. 'नन'. पट्टीचं दुसरं टोक पुन्हा बसवलं. 'नन'! मुलंसुद्धा आता पडदा न बघताच 'नन' ओरडायला लागली होती.

(मित्रांनो, हे वाचून तुम्ही पेचकस घेऊन घरच्या कॉम्प्युटरकडे धावू नका हं! मोठं माणूस जवळ असल्याशिवाय खोकं उघडायचं नाही. उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि जुना, पोट सुटलेला मॉनिटर असेल तर तो मुळीच उघडायचा नाही. वीज बंद केल्यावरही त्यात जोराचा धक्का देण्याइतकी वीज उरलेली असू शकते. पालकहो, हे तुमच्यासाठीही.)

चौथ्या दिवशी कान लावून ऐकणाऱ्या त्या मुलीचे बाबा तिला न्यायला आले. ते खाणीत इलेक्ट्रिशियन आहेत. दारात उभे राहून थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटरमधलं मले काही कळत नाही जी. पण आमची मशीन बंद पडली का आमी पयला सवाल एकच विचारतो. बंद पडायच्या आधी याले शेवटचा हात कोणं लावला? काय बदललं?"

मी म्हणणार होते, कुणीच नाही. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

हात मीच लावला होता की! एप्रिलमध्ये, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी. आणि कशासाठी, माहीत आहे? 'घरचे शब्द' ची दुसरी प्रत काढण्यासाठी! पेन ड्राइव्ह लावायच्या खाचा केव्हाच बिघडल्या होत्या. म्हणून दुसऱ्या एका भंगारातल्या कॉम्प्युटरमधला सीडी लिहिणारा ड्राइव्ह मी काढून यात बसवला होता. एमएस-सीआयटी केलेली बाई मी, मला काय येत नाही! (त्या कोर्समध्ये पेचकस हातात देत नाहीत, हे मी विसरले.) ड्राइव्ह बसवला आणि वीज गेली. संध्याकाळपर्यंत आली नाही. कुलूप लावून मी घरी गेले, ते जूनलाच परत आले. बॅटरी बिचारी म्हातारपणानं संपली होती, तिचा या भानगडीशी काही संबंध नव्हता.

इलेक्ट्रिशियन दादा म्हणाले, "मंग तो नवा पाहुणा बाहेर काढून पाहा."

सीडी ड्राइव्हची पट्टी आणि वीज, दोन्ही काढली. बटण दाबलं. 'नन' च्या जागी डिस्कचं नाव आलं!

असं का झालं असेल? त्या जुन्या चपट्या पट्टीवर दोन यंत्रं बसू शकतात. पण एकानं 'मास्टर' व्हायचं आणि दुसऱ्यानं 'स्लेव्ह', म्हणजे मालक आणि गुलाम. नावं मला मुळीच आवडत नाहीत, आणि हल्ली ती बऱ्याच ठिकाणी वापरातून काढली आहेत. आपण पहिला नंबर, दुसरा नंबर म्हणू. कोण कितवा हे सांगायला प्रत्येकाच्या पाठीवर बारीक पिना असतात आणि त्यांवर घालायची तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी. तिचं नाव जंपर. आमची हार्ड डिस्क पहिली. आणि तो सीडी ड्राइव्ह त्याच्या जुन्या घरी एकटाच असायचा, म्हणून तोही पहिला! एका वर्गात दोन मॉनिटर एकदम उभे राहून "चूप बसा" ओरडायला लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही ना? तसंच. अशा वेळी कधी दोघांतलं एकच दिसतं, कधी दोन्ही दिसत नाहीत.

मग ती टोपी काढून दुसऱ्या नंबरच्या पिनांवर घालायची होती. माझ्या बोटांनी निघेना. भुवयांचा चिमटा आणला. टोपी निघाली आणि टुणकन उडाली! पाच मुलं, एक बाई आणि एक इलेक्ट्रिशियन फरशीवर रांगायला लागलो. तेवढ्यात शाळेचा शिपाई डोकावला आणि काही न विचारता निघून गेला. टोपी शेवटी सापडली ती एका मुलाच्या उलट्या दुमडलेल्या पँटच्या काठात.

फाइल उघडली. आजोबांचं पान तिथेच होतं. टोपीवरचा दिवा, कोळशाचा टब, हजेरीची खिडकी, आणि शेवटी लिहिलेलं, 'छताचा आवाज ढबढब आला तर मागे फिरायचं.' मुलानं ते मोठ्यानं वाचलं, अडखळत. मग पुन्हा एकदा वाचलं, या वेळी न अडखळता. आम्ही कुणीच काही बोललो नाही.

एक अडचण आणखी होती. ते पान मी माझ्या नव्या लॅपटॉपवर नेलं तेव्हा आजोबांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली! पूर्वीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवून चालायचे. तो फॉन्ट नसेल तर वाचायचं कसं? देवनागरीला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ मध्येच आली होती, पण आमचा म्हातारा कॉम्प्युटर त्या जुन्या फॉन्टमध्येच रमलेला. मग पानं पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करायला घेतली. अजून संपलेली नाहीत.

इंग्लंडमधल्या मुलांच्या बाबतीतही असं झालं होतं. तिथे १०८६ साली विल्यम राजानं देशभरच्या गावांची नोंद करून घेतली होती, तिला 'डूम्सडे बुक' म्हणतात. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीनं नवी नोंद तयार केली. दहा लाखांहून जास्त लोकांनी, त्यात हजारो शाळांतल्या मुलांनी, आपापल्या गावाबद्दल लिहिलं. सगळं मोठ्या लेसर डिस्कवर ठेवलं. आणि २००२ च्या सुमारास पाहतात तो ती डिस्क वाचणारी यंत्रंच मिळेनात! राजाचं ९०० वर्षांपूर्वीचं पुस्तक मात्र वाचता येत होतं. शेवटी संशोधकांनी खटपट करून मुलांचं लिखाण सोडवलं, आणि २०११ मध्ये ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवलं गेलं. डिस्क जिवंत होती, ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

आम्ही सीडी काढल्या. पहिली वाया गेली, पुढच्या तीन चांगल्या निघाल्या. एक शाळेच्या कपाटात, एक माझ्या घरी, एक इलेक्ट्रिशियन दादांकडे. शिवाय सगळी पानं कागदावर छापून दोन जाड फायली शिवल्या. वाळवी लागू नये म्हणून त्या लोखंडी पेटीत ठेवल्या. 'कॉम्प्युटर विसरत नाही' हे वाक्य मी आता म्हणत नाही. म्हटलंच तर मुलं 'नन' ओरडतात.

तो मुलगा छापलेलं पान घडी न घालता, वहीच्या पुठ्ठ्यात ठेवून घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच माझ्यासमोर हजर.

"काय रे, आजीला वाचून दाखवलंस?"

"हो जी. पण आजी म्हणते, एक शब्द चुकला हाये. आजोबा ढबढब नाही म्हणत, भदभद म्हणत. बदलून द्या ना जी."

तीन सीडी, दोन फायली, लॅपटॉप आणि म्हातारा कॉम्प्युटर! सीडीवर एकदा लिहिलेलं तर पुसताही येत नाही. मी डोक्याला हात लावला, आणि लाल पेन उघडून कागदापासून सुरुवात केली.